कयाकमध्ये दोघं, गळाला स्टर्जन: दोरी कापायचा हक्क कुणाचा?

वल्हेकरी (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. लिहू की नको करत वर्ष होत आलं. आता पुन्हा जायची वेळ आली आहे आणि मित्राने अट घातली आहे, म्हणून विचारतो.

आम्ही दोघं मूळचे सांगलीचे, आता कॅनडात व्हॅंकूवरच्या जवळ. मन्या आणि मी अकरावीपासूनचे. इथे फ्रेझर नदीत व्हाइट स्टर्जन नावाचा मासा आहे. उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा. खवले नाहीत, अंगावर हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडात एक दात नाही. शंभरी ओलांडतो आणि जुन्या नोंदींत सहा मीटरचेही आहेत. लोक मोठ्या मोटरबोटीतून, गाइड घेऊन जातात. आमच्याकडे दोन सिटांची प्लॅस्टिकची कयाक. पैसे वाचवायचे होते असं मन्या म्हणतो. मला त्यात मजा वाटली होती असं मी म्हणतो.

मिशन गावाच्या वरच्या अंगाला, हॅट्झिकच्या जरा खाली, मुख्य धारेच्या बाजूच्या संथ पाण्यात नांगर टाकला. मी पुढे, मन्या मागे. सॅमनची अंडी आमिष म्हणून, अर्धा किलोच्या आसपास शिसं, १३० पौंडी विणलेली दोरी. तासभर काही नाही. मग कांडीच्या टोकाने दोनदा मान हलवली, अगदी देवळात घाईत नमस्कार करतात तशी. मी ओढलं. नदीच्या तळाला गळ अडकला असं वाटलं. मग तळ चालायला लागला.

मन्याने नांगराची दोरी सोडली (तिला बोया होता) आणि आम्ही माशामागे निघालो. निघालो म्हणजे नेले गेलो. पहिली वीस मिनिटं मी चक्क हसत होतो. मासा धारेत जाऊन तळाशी बसायचा, मी चार हात दोरी गोळा करायचो, तो सहा हात घेऊन जायचा. मन्या वल्ह्याने कयाकचं तोंड माशाकडे ठेवत होता, कारण दोरी आडवी झाली की कयाक कलायची. तासाभराने माझ्या हातांतलं बळ गेलं. आणि तेव्हाच मिशनचे पूल दिसायला लागले, एक गाड्यांचा आणि एक रेल्वेचा. जुन्या रेल्वेपुलाचे खांब, त्यांच्याभोवती लाकडी आवरणं, त्यात फेसाळणारं पाणी. मासा खांबाच्या एका बाजूने आणि आपण दुसऱ्या बाजूने गेलो तर काय, हे सांगायला नको.

मन्या म्हणाला, "काप." मी म्हणालो, "थांब." तो पुन्हा म्हणाला. मी ऐकलं नाही. एकूण तीनदा म्हणाला.

पार झालो, दोघांचं नशीब. पुलाखाली अर्ध्या तासाने मासा वर आला. कयाकला लावून अंदाज घेतला, सव्वादोन मीटर. पाण्याबाहेर काढायचा नसतो, काढलाही नाही. मन्याने पक्कडीने गळ सोडवला, मासा क्षणभर तसाच राहिला आणि मग गेला. एक तास पन्नास मिनिटं. गाडी साडेचार किलोमीटर वर राहिली होती. ओले कपडे, कयाक काठावर टाकून रस्त्याने चालत गेलो. त्या वाटेत मन्या एक शब्द बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "पुलाआधी कापायला हवी होती."

त्यानंतर आमच्या घरी येणंजाणं आहे, दिवाळी झाली, सगळं आहे. पण त्या दिवसाचा विषय निघाला की तो उठून चहा टाकायला जातो. आता म्हणतो, परत यायला तयार आहे, पण दोरी कुणी कापायची ते काठावर ठरलं पाहिजे.

तर प्रश्न असा: गळाला मासा माझ्या. बोट दोघांची. जीव दोघांचे. कापायचं कुणी ठरवायचं?

झंपी

फोटो नाही म्हणजे मासा नाही. पुढचा धागा.

अण्णा_मिरजकर

सव्वादोन मीटर! सांगलीच्या माणसाने सांगितलंय, म्हणजे दीड धरू या. (हलके घ्या, मी मिरजेचा.)

चिंचगूळ

वाचताना पुलाच्या खांबाशी श्वास अडकला. बाकी शास्त्र वगैरे कळत नाही, पण मागचा माणूस तीनदा "काप" म्हणतो आणि पुढचा ऐकत नाही, हे मी कारमध्ये वीस वर्षं अनुभवते आहे. फक्त तिथे "वळ" असतं.

बोंबीलप्रेमी

सगळं ठीक. पण सोडला?? एवढा मासा सोडला? तुकड्या किती पडल्या असत्या याचा हिशेब करून झोप येईना.

फ्रेझरकाठ

@बोंबीलप्रेमी, ठेवला असता तर मोठा गुन्हा झाला असता. ब्रिटिश कोलंबियात १९९४ पासून स्टर्जन पकडला तर सोडावाच लागतो. मी इथे चिलीवॅकला राहते आणि टॅगिंगच्या (माशांना खूण बसवण्याच्या) कामात स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणून जरा लांबण लावते.

या नदीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टर्जनची अक्षरशः लूट झाली. मांसासाठी आणि अंड्यांसाठी, म्हणजे कॅव्हियारसाठी. १८९७ साली एका वर्षात पाच लाख किलोंच्या वर मासा काढला आणि पुढच्या काही वर्षांतच धंदा बसला, कारण मासाच उरला नाही. या माशाची मादी वीसेक वर्षांची झाल्याशिवाय अंडी घालत नाही आणि नंतरही दरवर्षी घालत नाही, मध्ये कित्येक वर्षं जातात. म्हणजे एक पिढी कापली की ती भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती भर अजून पुरती झालेली नाही.

वल्हेकरींचा मासा खरंच सव्वादोन मीटर असेल तर तो चाळिशीच्या पुढचा सहज. तुमच्या दोघांच्या बरोबरीचा म्हणा.

गळ बिनदातेरी होता ना? म्हणजे टोकामागचा उलटा दात नसलेला. इथे तो कायद्यानेच लागतो. म्हणूनच मन्यांना पक्कडीने एका झटक्यात काढता आला.

वल्हेकरी

@फ्रेझरकाठ, हो, बिनदातेरीच. आणि मासा दीड मीटरच्या वरचा असेल तर पाण्याबाहेर काढायचाच नाही, हा नियमही माहीत होता. तेवढा अभ्यास केला होता. पुलाचा अभ्यास केला नव्हता.

पाणकळा

माझं मत कटू आहे, आधीच सांगतो.

खाण्यासाठी मासा मारणारा कोळी मला समजतो. त्याचं पोट आहे. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या जनावराला तोंडात लोखंड अडकवून पावणेदोन तास ओढायचं, मग "सोडला हो आम्ही" म्हणून स्वतःची पाठ थोपटायची, याला खेळ कसा म्हणायचं? त्या माशाला विचारलं का कुणी दोरी कापायचा हक्क कुणाचा ते?

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. तिथले महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. लोक कुरमुरे टाकतात, हातभर मासे वर येतात, लोक हात जोडतात आणि घरी जातात. मासा बघायची हौस अशीही भागते.

बोंबीलप्रेमी

@पाणकळा, कुरमुरे टाकून येतात हे वाचून तोंडाला पाणी सुटलं. क्षमा असावी देवी.

फ्रेझरकाठ

@पाणकळा, तुमचं म्हणणं उडवून लावत नाही. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, पाणी कोमट असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणूनच इथले जबाबदार लोक जाड दोरी वापरतात, मासा लवकर आणतात, उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात टाळतात. आणि म्हणूनच मला कयाकचं हे प्रकरण मुळात आवडत नाही. कारण उघड आहे: मोटरबोट जड असते, मासा तिच्याविरुद्ध ओढून थकतो. कयाक माशाबरोबर वाहते. ओढायला अडथळा कमी, मग लवकर थकणार कसा? तुम्ही त्याला दमवत नव्हता, तो तुम्हाला फिरवत होता.

पण दुसरी बाजूही ऐका. या नदीत स्टर्जन किती आहेत, वाढतायत की घटतायत, हे आपल्याला कळतं ते बरंचसं याच हौशी लोकांमुळे आणि गाइडांमुळे. मासा पकडला की कातडीखालची तांदळाच्या दाण्याएवढी खूणचिप तपासायची, नसेल तर बसवायची, लांबी-घेर मोजायचा, सोडायचा. २००० सालापासून हे चालू आहे. गळ पूर्ण बंद केला तर ही नजरही बंद होईल.

पाणकळा

म्हणजे रुग्णाची तब्येत बघायला रोज त्याला जिन्यावरून ढकलायचं. ठीक.

खाडीकर

पाणकळांचा जिना आवडला :)

मी मालवणचा. बाबांची होडी होती, आता गुडघे गेले म्हणून काठावर बसून बाकीच्यांच्या चुका काढतात. कयाक आमच्याकडे आता पर्यटकांसाठी आल्या, पण एका लहान होडीत दोघं आणि गरीला नको तेवढं मोठं काहीतरी, हा प्रकार जुनाच आहे.

मी चौदा वर्षांचा असताना गरीला पाकट लागलं. पाकट पळत नाही फारसं, तळाला थापलं जातं. ओढलं तर वाटतं समुद्राचा बूच ओढतोय. मी शहाणपणा केला, तंगूस (गरीची दोरी) हाताला दोन वेढे घेतला, म्हणजे पकड मिळेल. बाबांनी मागून असा आवाज दिला की आजही कानात आहे: "हातार गुंडाळू नको मेल्या, बोटा जातली!" मी सोडवेपर्यंत पाकट उठलं आणि निघालं. तर्जनीवर अजून गोल वण आहे, अंगठी घातल्यासारखा. बाबांनी मला काही विचारलं नाही. कोयता उचलला आणि तंगूस कापून टाकला. मी दिवसभर रडलो, बोटासाठी नाही, पाकटासाठी.

आता तुमचा प्रश्न. आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही, कारण होडीवर तांडेल एकच असतो. मासा कुणाच्या गरीला लागला याचा त्याच्याशी संबंध नाही. सुकाणू ज्याच्या हाती, होडी त्याची, आणि होडी ज्याची त्याचा शब्द. ज्याच्या हातात दोरी आहे त्याला मासा सोडून दुसरं काहीच दिसत नसतं. त्याने ठरवायचंच नाही. मागच्याला पूल दिसतो, खडक दिसतो, लाट दिसते.

तुमच्या कयाकवर वल्हं मन्यांच्या हातात होतं. तांडेल ते. तीनदा सांगायची वेळच यायला नको होती.

चिंचगूळ

खाडीकर, +१००. हे मी प्रिंट काढून कारच्या डॅशबोर्डवर लावणार आहे. फक्त आमच्याकडे सुकाणू त्यांच्याच हातात असतं, त्यामुळे तुमचा नियम माझ्यावरच उलटतो की काय?

खाडीकर

ताई, मग तुम्ही नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) बसून खडक बघणाऱ्या. ओरडायचा अधिकार पूर्ण आहे.

ट्यूबवाला

उजनीच्या पाण्याचा अनुभव सांगतो. आमच्याकडे कयाक म्हणजे ट्रकची ट्यूब, वर थर्माकोल बांधलेलं. एकदा मामाबरोबर गेलो, एका ट्यूबवर दोघं. कटला लागला, पंधरा किलोचा असेल. मामा म्हणाला सोडू नको, मी म्हणालो सोडत नाही. कटल्याने आम्हाला बाभळीच्या बुडालेल्या झाडावर नेलं. पाणी उतरलं की तिथली जुनी झाडं वर डोकावतात. काटा, ट्यूब, फुस्स.

मामाला पोहता येत होतं. मला येत होतं असं मला वाटत होतं. कटला गेला, गळ गेला, मामाची चप्पल गेली. घरी मामाने सांगितलं की भाच्याला वाचवताना चप्पल गेली. मी सांगितलं की मामाला वाचवताना ट्यूब गेली. आजी म्हणाली, मासा कुठाय?

तात्पर्य काही नाही, आठवलं म्हणून.

अण्णा_मिरजकर

आजीचा प्रश्न आणि झंपीचा प्रश्न एकच आहे.

शापोरा

मी गोव्यात कयाकवरून चोणक मारतो (महाराष्ट्रात तुम्ही जिताडा म्हणता), बारा-तेरा वर्षं झाली. चोणक स्टर्जनसमोर पोर आहे, पण आठ किलोचा चोणक खारफुटीत किंवा खाजनाच्या मानशीत घुसला की कयाक मागोमाग जाते. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला तिथे जी ओढ असते ती गंमत नाही. एकदा त्या दाराच्या चौकटीला खांदा लागला तेव्हापासून माझा स्वतःसाठी नियम आहे: मानस पन्नास फुटांवर आली की कापायची. मासा किती मोठा ते बघायचंच नाही. बघितलं की हात थांबतो.

तेव्हा ठरवायचं ते "कुणी" नाही, "कुठे". काठावरच खुणा ठरवा. ते झाड गेलं की कापणार, तो बोया गेला की कापणार. मग भांडायला माणूस उरत नाही, खूण उरते.

बाकी चार गोष्टी. कात्री लाइफ जॅकेटवर छातीला, दोघांच्याही, पिशवीत नाही. कांडी नेहमी नाळेवरून, बाजूने कधीच नाही. दोघं एकाच बाजूला बघायला वाकायचं नाही (मासा वर आला की दोघंही वाकतात, शंभर टक्के, आणि तेव्हाच उलटते). आणि कयाक उलटी करून परत चढायची सवय उथळ पाण्यात आधी करा. तुम्ही केली होती का?

अवांतर: मोठा चोणक बहुतेक मादीच असते. तो मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. म्हणून मी पाच किलोच्या वरचा सोडतो. पाणकळांना तेवढंच बरं वाटेल.

पाणकळा

किंचित.

वल्हेकरी

@शापोरा, परत चढायची सवय... नाही केली. यूट्यूबवर बघितलं होतं.

फ्रेझरकाठ

ऑक्टोबरात नदी दहा-बारा अंश असते. इथे शाळेतल्या मुलांनाही १-१०-१ शिकवतात: गार पाण्यात पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास सावरायला, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि तासभराने शुद्ध जाते. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गिसब्रेख्त यांनी स्वतः गोठलेल्या तळ्यात उतरून हे दाखवलंय. दहा अंशाला थोडी सवलत मिळते. पण पावणेदोन तास झुंजून रिकाम्या झालेल्या हातांना ती दहा मिनिटंही मिळतील का? यूट्यूब बघून चढता येत नाही हो.

कायद्याचं_बोला

मला एक वेगळीच शंका आहे. तिथल्या नियमाप्रमाणे मिशनच्या रेल्वेपुलाच्या वर गोडं पाणी धरतात: प्रांताचं लायसन्स, शिवाय स्टर्जनचा वेगळा परवाना. पुलाखाली भरती-ओहोटीचं पाणी: केंद्र सरकारचं लायसन्स. धागाकर्त्याने मासा वर धरला, खाली सोडला. मधल्या अर्ध्या तासात तुमच्याकडे खालचं लायसन्स होतं का?

वल्हेकरी

... नव्हतं.

कायद्याचं_बोला

म्हणजे मासा तुम्हाला सरहद्दीपार घेऊन गेला. अपहरणाची केस बनते. तुम्ही फिर्यादी.

झंपी

हसून हसून पुरेवाट. या एका प्रतिसादासाठी फोटो माफ.

उगाच_मनोहर

नमस्कार. सदस्यत्व घेऊन चार वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद. मी मन्या.

बायकोने धागा पाठवला, "हे तुझंच आहे का" म्हणून. आहे.

आधी दुरुस्त्या. सव्वादोन मीटर नाही, दोन मीटर आणि एक वीत. मी गळ काढत होतो, माझा हात तिथे होता. पैसे वाचवायचे होते हे खरं आहे, पण कयाक घ्यायचा आग्रह त्याचा होता, बिल माझ्याकडे आहे. अंडी बांधायला बायकांचे पातळ मोजे लागतात, ते दुकानात जाऊन मी आणले आणि काउंटरवरच्या बाईने "साइज?" विचारल्यावर "सॅमनची" असं उत्तरही मीच दिलं. हा भाग धाग्यात आलेला दिसत नाही.

आता मुद्दा. कात्री माझ्या जॅकेटवर होती. त्याच्याकडे नव्हतीच. म्हणजे तो कापू शकतच नव्हता. मी "काप" म्हणत होतो पण कापायचं मला होतं. हे त्याला आजवर लक्षात आलेलं नाही आणि इथेही कुणी विचारलेलं नाही.

पूल दीडशे-दोनशे मीटरवर असताना मी वल्हं मांडीवर ठेवलं, कात्री काढली, पुढे वाकून त्याच्या खांद्यावरून दोरीपर्यंत हात नेला. तेवढ्यात मासा उडाला. पूर्ण, शेपटीपासून. ढालींच्या रांगा, पांढरं पोट, सगळं पाण्याच्या वर. कयाकपासून चार वल्ह्यांवर. याला वाटतं मी तेव्हा वल्हवत होतो. मी कात्री उघडी धरून बघत बसलो होतो. मग कात्री बंद केली आणि वल्हं उचललं, कारण मलाही तो मासा हवा होता.

खाडीकर म्हणतात तांडेल मी. बरोबर आहे. मागच्याला पूल दिसतो. मला दिसत होता. तरी नाही कापली. माझ्या घरी पाच वर्षांची मुलगी आहे, त्याच्या घरी दोन. तो चालत गेलेला साडेचार किलोमीटरचा रस्ता मी त्याच्यावर चिडलो नव्हतो. चहा टाकायला उठतो ते त्यामुळेच.

चिंचगूळ

मनोहर...

बोंबीलप्रेमी

मी तुकड्यांचा विषय मागे घेतो.

वल्हेकरी

मन्या, तू मागून हात पुढे आणलास हे मला खरंच माहीत नाही. मला फक्त मासा उडालेला आठवतो. आणि उडाला तेव्हा तू ओरडलास ते. मला वाटलं भीतीने ओरडलास.

उगाच_मनोहर

"आयला" म्हणालो होतो. त्यात सगळंच आलं.

शापोरा

@उगाच_मनोहर, म्हणूनच म्हणतो, माणसावर ठेवायचंच नाही. खूण ठेवा. मासा बघितला की तांडेलही मासेवेडा होतो. स्वतःवरून सांगतो.

खाडीकर

शापोरा, पटतं. बाबांना तरी पाकट कुठे दिसलं होतं? दिसलं असतं तर कोयता तेवढ्या लवकर उचलला असता का, आता विचारलं पाहिजे.

ट्यूबवाला

दोघांनी वेगवेगळ्या कयाक घ्या की. एक पकडेल, दुसरा मोकळा राहील, उलटली तर वाचवायला माणूस हाताशी. एका ट्यूबवर दोघं हा प्रकार मामामुळे मी कायमचा सोडलाय.

फ्रेझरकाठ

ट्यूबवाल्यांचं या सगळ्या धाग्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य. त्याहून शहाणं: कुणाची तरी मोटरबोट घ्या आणि मासा वीस-तीस मिनिटांत आणा. चिप तपासायची असेल तर मी येते, यंत्र माझ्याकडे आहे. कदाचित तोच मासा भेटेल. एकच मासा वर्षांनी पुन्हा गळाला लागल्याच्या नोंदी आमच्याकडे भरपूर आहेत.

पाणकळा

त्या माशाने काय शिकलं असेल तेवढ्यात?

फ्रेझरकाठ

सॅमनची अंडी मोज्यात असतील तर खाऊ नयेत.

पाणकळा

:) बरं. मोटरबोट, तीस मिनिटं, आणि पाण्याबाहेर काढायचा नाही. यापुढे मी काही बोलत नाही. वाळणकोंडीला मात्र एकदा या.

वल्हेकरी

सगळ्यांचे आभार. मन्याशी काल फोनवर तासभर बोललो, त्यातला बराच वेळ मोज्यांवर गेला. असं ठरतंय: दोन कयाक, दोघांकडे कात्री, सप्टेंबरात उथळ पाण्यात चारपाच वेळा उलटून चढायची सवय, आणि हॅट्झिकच्या खाली काठावरचं एक मोडकं लाकडी धक्कावजा काहीतरी आहे, ते गेलं की ज्याच्या गळाला असेल त्याने कापायचं, न विचारता. केंद्राचं लायसन्सही काढतो, अपहरण झालंच तर.

@फ्रेझरकाठ, मोटरबोटीचं मन्याला पटलंय, मला अजून पटवतोय.

खाडीकर

आज जेवताना बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. पाकटाबद्दल विचारलं तर म्हणाले, "माका दिसला होता ता." एवढंच. पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

तुमच्याबद्दल त्यांचा एकच प्रश्न आहे: बोया लावून नांगर सोडून दिलात, तो परत मिळाला काय?

वल्हेकरी

बाबांना नमस्कार सांगा. नाही हो. आठवड्याने गेलो तेव्हा बोया दिसला नाही. धारेने नेला असणार. नवा घेतला ८० डॉलरचा.

उगाच_मनोहर

नांगर माझ्या गॅरेजमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या एकाच्या बोटीने जाऊन काढला. तुला सांगायचं राहिलं.

वल्हेकरी

वर्षभर??

उगाच_मनोहर

दोन कयाकना दोन नांगर लागतीलच ना. बोयाचा रंग मात्र उडालाय, तो तू आण.